लाटव्हियन भाषेतील 'झिनात्निएक्स' (शास्त्रज्ञ) हा शब्द संस्कृत 'ज्ञान'वरून आला आहे का, आणि तो कसा चालवतात?

नाते आहे, पण बहिणींचे, आई-लेकीचे नव्हे. 'झिनात' म्हणजे जाणणे (झ 'झरा'तला), आणि हा धातू व आपला 'ज्ञा' एकाच भारत-युरोपीय मुळातून फुटले आहेत. त्यावरून लाटव्हियन संस्कृतातून निघाली असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. 'झिनात्ने', म्हणजे विज्ञान, हा शब्द लाटव्हियन शिक्षक व भाषाभ्यासक अतिस क्रोन्वाल्ड्स (१८३७–१८७५) यांनी घडवला, आणि त्याला '-निएक्स' लागून शास्त्रज्ञ झाला. याच प्रत्ययाने मासेमारी करणारा 'झ्वेय्निएक्स' होतो; आपल्या 'ज्ञ'सारखा त्याला सोवळेपणा नाही.

लाटव्हियाची राजधानी रीगा येथील एका परिषदेच्या अर्जात मी शब्दकोशातून उचलून स्वतःपुढे 'झिनात्निएक्स' लिहिले होते. नोंदणीच्या टेबलामागच्या बाईंनी माझा बिल्ला पाहिला, मग मला पाहिले, आणि एक शब्दही न बोलता शेवटची दोन रोमन अक्षरे पेनाने खोडून वर दुसरी दोन लिहिली: 'झिनात्निएत्से'. त्याआधी दोन वर्षे मी आमच्या महाविद्यालयात खोलीच्या दारावर 'प्राध्यापक'ऐवजी 'प्राध्यापिका' लिहावे म्हणून अर्ज केला होता, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले होते, "पदाला लिंग नसते, बाई." त्या वाक्यातला 'बाई' त्यांना खटकला नाही.

चालवण्याबाबत म्हणाल, तर पुल्लिंगी एकवचनात षष्ठीला 'क्स'चा 'का' होतो आणि चतुर्थीला 'कम्'. स्त्रीलिंगी रूप षष्ठीत '-एत्सेस', चतुर्थीत '-एत्सेइ' असे चालते. मराठी माणसाला खरी गंमत तिच्या षष्ठीच्या अनेकवचनात वाटेल, कारण तिथे 'त्से'तला त्स, म्हणजे 'चमचा'तला च, एकाएकी 'चिमणी'तला च होतो. बाकीची रूपे कोणत्याही व्याकरणात मिळतील. मात्र स्त्रीलिंगी रूपे आधी पाठ करावीत, कारण शब्दकोश पुल्लिंगी रूप पुढे करतो आणि माणूस माझ्यासारखा फसतो.

एक गोष्ट सांगायला हवी: स्त्री-पुरुषांच्या मिश्र समूहाला लाटव्हियनमध्येही पुल्लिंगी अनेकवचन 'झिनात्निएकि' हेच वापरतात. हा मुद्दा आमच्या विभागप्रमुखांच्या बाजूने जातो, हे मान्य; पण त्या खोलीत मी एकटीच बसत असे.