रात्रीच्या मुसळधार पावसात सोलापुरातील घराचा स्लॅब अचानक गळू लागल्यास तातडीने काय करावे?

सर्वप्रथम, पाणी पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या होल्डरमधून ठिबकत असेल तर बादली शोधण्याआधी कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करावा; ही एक गोष्ट कृपया कधीही पुढे ढकलू नये. त्यानंतर सामान हलवून थेंबांखाली घमेले ठेवावे.

आपल्याकडे सप्टेंबरमधील परतीचा पाऊस जोराचा असतो आणि बहुतेक वेळा दोष स्लॅबपेक्षा गच्चीवरील पाणी वाहून नेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी असतो, कारण तेथे कडुनिंबाची पाने, माती आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकून पाणी तुंबते. १० बाय १० फुटांच्या गच्चीवर इंचभर पाणी साचले तरी त्याचे वजन सुमारे २३५ किलो भरते. विजा थांबल्यावरच वर जाऊन ते तोंड हाताने मोकळे करावे आणि भेगेवर ताडपत्री अंथरून कडांवर विटा ठेवाव्यात.

जुन्या धाब्याच्या घरात मात्र छतावर मुळीच चढू नये. भिजलेली माती जड होते, आणि खालची तुळई वाकलेली किंवा कुजलेली दिसल्यास घरच्यांना घेऊन लगेच बाहेर पडावे.

वॉटरप्रूफिंगचा लेप ओल्या स्लॅबवर नीट धरत नाही, म्हणून ते काम स्लॅब पूर्ण वाळल्यावरच करून घ्यावे.