मोसमाआधी डोलकाठीवर चढा

पहिल्यांदाच यॉट घेऊन खोल समुद्रात निघताय ना, मग सुरुवात डोलकाठीपासून करा. स्वतः वर चढा, काठीला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक तारेच्या टोकावरून सुती कापड फिरवा. कापडाचा धागा अडकला, तर तिथला तंतू तुटलाय. एकच तुटलेला असला तरी तार बदला. इथे काटकसर नको. माझ्या एका सफरीत अशीच तार मध्यरात्री सुटली. शीड उतरेपर्यंत जीव टांगणीला लागला होता.

तळातल्या प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा, झडप तुटली तर भोक बुजवायला. लाइफ जॅकेट फुगवणाऱ्या गॅस सिलिंडरचं वजन करा, त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून बघा. ४०६ मेगाहर्ट्झच्या ईपर्बची, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत इशारा पाठवणाऱ्या यंत्राची, बॅटरी मुदतीत हवी, नोंदणीही ताजी हवी.

खरा वेळ मात्र माणसांना द्या. पाण्यात पडलेल्याला परत घेण्याचा सराव किनाऱ्याजवळच करा, माणसाऐवजी फेंडरला (बोटीच्या कडेला धक्के झेलायला लावतात त्या फुग्याला) बादली बांधून. सुकाणू दर वेळी वेगळ्याकडे द्या, कारण पडणारा कप्तानही असू शकतो! एकाने फक्त पडलेल्याच्या दिशेने हात रोखून उभं राहायचं, नजर क्षणभरही हटवायची नाही. आणि रात्रीच्या पाळीत, केबिनमधून डेकवर पाऊल टाकण्याआधी हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा, हूक बोटीला अडकवलेलाच पाहिजे.