सगळे कॉलम व्हार्कार(२५५) ठेवले तर बिघडतं कुठे? एका आडत दुकानाच्या टेबलांवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडत दुकानासाठी तुम्ही मायएसक्यूएल ८ या डेटाबेसवर हिशोबाचं सॉफ्टवेअर करताय. शेतकरी, आवक (बाजारात आलेला माल) आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब) अशी तीन टेबलं आहेत. आयडी सोडला तर झाडून सगळे कॉलम व्हार्कार(२५५), म्हणजे २५५ अक्षरांपर्यंतचा मजकूर. सगळं व्यवस्थित चालतंय, मग टाइप (कॉलममध्ये कुठल्या प्रकारचा डेटा बसेल ते) बदलायची उठाठेव कशाला?

चालतंय, कारण त्या आकड्यांना अजून कोणी कामाला लावलेलं नाही. नोंद घ्यायची आणि तीच परत दाखवायची, एवढ्यावर व्हार्कार कधी कुरकुर करत नाही. मालकाने "या हंगामात सगळ्यात चढा भाव कितीचा लागला?" असं विचारलं की मग उघडं पडतं. मजकूर म्हणून क्रम लावला तर ४८९२ हा १०२०० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ४ हा १ च्या पुढे येतो. दहा हजाराची तूर सोयाबीनच्या खाली जाऊन बसते. एरर कसली येत नाही, चुकीचं उत्तर मात्र गुपचूप रिपोर्टात छापून येतं.

टाइप ठरवताना मी प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारतो: याची बेरीज किंवा सरासरी कोणी कधी काढणार आहे का? काढणार असेल तर तो आकडा. नसेल तर ते आकड्यांत लिहिलेलं नाव आहे, म्हणजे मजकूर.

मोबाइल नंबर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. "नंबर" म्हणतात म्हणून लोक इंट (पूर्णांकाचा टाइप) लावतात. इंटची कमाल २१४७४८३६४७, अनसाइन्ड (म्हणजे ऋण आकडे वगळून) केला तरी ४२९४९६७२९५. आपला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा, म्हणजे तो इंटमध्ये मावतच नाही. स्ट्रिक्ट मोड (न बसणारं मूल्य नाकारणारी सेटिंग) चालू असेल तर निदान एरर तरी येते. मायएसक्यूएल ५.७ पासून तो मुळातच चालू असतो, पण एखादी जुनी एरर घालवायला म्हणून बऱ्याच ठिकाणी कोणीतरी बंद करून ठेवलेला सापडतो. बंद असेल तर नंबर छाटला जातो आणि अख्ख्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा मोबाइल २१४७४८३६४७ होतो. हा आकडा कुठल्याही टेबलात दिसला की काय घडलंय ते समजून घ्या. बिगइंटमध्ये (त्याहून मोठ्या इंटमध्ये) नंबर मावेल, पण +९१ मधलं + किंवा लातूरच्या ०२३८२ मधला पुढचा शून्य जाईल. व्हार्कार(१५) करा आणि मोकळे व्हा.

त्यात एक खोच आहे. कॉलम मजकुराचा ठेवला की शोधतानाही नंबर अवतरण चिन्हांत द्यायचा. नुसता आकडा दिला तर मायएसक्यूएल दोन्ही बाजू फ्लोटिंग आकड्यांत बदलून तुलना करतं, मग त्या कॉलमवरचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) उपयोगी पडत नाही आणि प्रत्येक शोधाला पूर्ण टेबल चाळलं जातं. हजार शेतकरी असतील तोवर कळणारही नाही.

बँक खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन, जीएसटी क्रमांक, पिनकोड हे सगळे याच जातीचे. आयएफएससी नेहमी ११ अक्षरांचा, पॅन १०, जीएसटी १५ (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो), पिन ६. लांबी पक्की आहे म्हणून इथे कार (ठरावीक लांबीचा मजकूर). खाते क्रमांक बँकेगणिक कमीजास्त लांबीचा आणि पुढे शून्य असू शकणारा, म्हणून व्हार्कार(२०). आधार पूर्ण साठवूच नका. ओळख पटवायला शेवटचे चार आकडे पुरतात. तेही कार(४) मध्येच, कारण ०३८७ आकड्यात टाकला की ३८७ होतो.

गट नंबर तर उघडच मजकूर: १२७/२/अ. इथे घोळ डेटाबेसच्या आधीच होतो. एक्सेलमध्ये १२/२ टाइप केलं की त्याची तारीख होते, आणि ती शीट इंपोर्ट केली की शेतकऱ्याच्या गट नंबराच्या जागी फेब्रुवारी महिना येतो. एक्सेलमधला तो कॉलम टेक्स्ट करून मगच भरायला द्या.

आता पैसे. इथे फ्लोट किंवा डबल (दशांश आकडे अंदाजे साठवणारे टाइप) लावणं मला बिलकूल मान्य नाही, हिशोब कितीही छोटा असला तरी. फ्लोटमध्ये आकडा २४ बिटांत बसवला जातो, म्हणजे साधारण सात आकड्यांपर्यंतच खात्री. पट्टी ९,८७,६५४ रुपये ३५ पैशांची असेल तर त्या टापूत फ्लोटला फक्त रुपयाच्या सोळाव्या भागाच्या पायऱ्या ठाऊक असतात. सगळ्यात जवळची पायरी .३७५, म्हणून ३५ पैशांचे साडेसदतीस होतात. दाखवताना मायएसक्यूएल ते सहा आकड्यांत गोळाबेरीज करून ९८७६५४ दाखवतं, म्हणजे पैसे दिसतच नाहीत. रक्कम १,६७,७७,२१६ च्या पुढे गेली की सलग रुपयेसुद्धा वेगळे ओळखता येत नाहीत. दिवसभराची बेरीज आणि गल्ला जुळेना झाला की मुनीमजी रात्री दहापर्यंत दोन रुपये शोधत बसणार, आणि ते सापडणार नाहीत, कारण चूक कुठल्याच एका पट्टीत नाही.

डेसिमल घ्या, तो दशांश आकडा जसाच्या तसा साठवतो. भावाला डेसिमल(१०,२), रकमेला डेसिमल(१२,२). पहिला आकडा एकूण अंकांचा, दुसरा दशांशानंतरच्या अंकांचा. त्यामुळे (१०,२) म्हणजे दशांशाआधी आठच अंक, दहा नव्हेत; हे बऱ्याच जणांचं चुकतं. जागेची काळजी नको: (१०,२) ला ५ बाइट लागतात, (१२,२) ला ६. राउंड करतानाही डेसिमल नेमका अर्धा वर नेतो, फ्लोटमध्ये तो वर जाईल की खाली याची हमी नाही.

वजनात टाइपइतकंच एकक महत्त्वाचं. "२३.५" म्हणजे २३ क्विंटल ५० किलो, पण काट्यावरचा माणूस २३ क्विंटल ५ किलोलाही सहज "२३.५" लिहून टाकतो. म्हणून वजन किलोतच घ्या, डेसिमल(९,३) मध्ये. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचे ५० ग्रॅमही त्यात बसतात. क्विंटल फक्त दाखवण्यापुरता. २३४५ किलो सोयाबीन, भाव क्विंटलला ४६५५, तर २३४५ गुणिले ४६५५ भागिले १०० बरोबर १,०९,१५९.७५. कट्ट्यांची (पोत्यांची) संख्या वेगळ्या कॉलममध्ये, स्मॉलइंट अनसाइन्ड, ६५५३५ पर्यंत. हमाली कट्ट्यावर आणि भाव वजनावर, म्हणून दोन्ही लागतात. एकावरून दुसरं काढू नका. ओलावा डेसिमल(३,१).

सातबाऱ्यावरचं क्षेत्र साठवणार असाल तर तोच सापळा तिथेही आहे. १ हेक्टर २० आर ५० चौरस मीटर हे १.२०.५० असं लिहिलेलं असतं, ते डेसिमल(८,४) मध्ये १.२०५० होतं. आठ आर म्हणजे ०.०८. ०.८ टाकलं तर ऐंशी आर, जवळजवळ दोन एकर.

तारखा व्हार्कारमध्ये ठेवल्या असतील तर सगळ्यात आधी त्याच बदला. ०५/११/२०२४ आणि १२/०३/२०२३ मजकूर म्हणून लावल्या तर २०२४ ची आधी येते. आवकेची तारीख डेट, ३ बाइट. पट्टी कधी छापली याची वेळ डेटटाइम. टाइमस्टॅम्प हा वेळेचाच दुसरा टाइप मी अशा कामाला वापरत नाही. त्याची धाव १९ जानेवारी २०३८ ला संपते (आपल्या घड्याळात सकाळी ८:४४ ला), आणि तो जोडणीच्या टाइमझोनप्रमाणे बदलून दिसतो. डेटटाइम घेतला तरी वेळ भारतीयच पडतेय ना, ते तपासा. सर्व्हर यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल आणि तुम्ही आत्ताची वेळ देणाऱ्या नाऊ फंक्शनवर विसंबलात, तर पहाटे साडेपाचच्या आत उतरलेल्या मालाची नोंद आदल्या तारखेला पडते. सोयाबीनच्या दिवसांत रात्रभर गाड्या लागलेल्या असतात, तेव्हा ही बारीक गोष्ट राहत नाही.

टाइमस्टॅम्प १९७० च्या आधी जातही नाही, म्हणजे १९६५ साली जन्मलेला शेतकरी त्यात बसत नाही. जन्मतारखेला डेट, रिकामी चालेल अशी. जुन्या माणसांची तारीख एक तर शाळेत गुरुजींनी ठोकलेली १ जून असते, नाही तर "बहात्तरच्या दुष्काळात तीन वर्षांचा होतो" एवढीच माहिती. तारीख नाहीच मिळाली तर नुसतं जन्मवर्ष स्मॉलइंटमध्ये घ्या. खोटी तारीख पाडून भरू नका, नंतर खरी कुठली आणि पाडलेली कुठली ते कळत नाही.

रिकामं आणि शून्य यांतही तसाच फरक. सौदा झालेला नसेल तर भाव नल (म्हणजे रिकामा) असू द्या, ० नको. ४५००, ४७०० आणि ० ची सरासरी ३०६६.६७ येते, शून्याच्या जागी नल असेल तर ४६००, कारण सरासरीत नल धरला जात नाही.

नावांकडे येऊ. कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेवा. मायएसक्यूएल ८ मध्ये तो आपोआप असतो, पण जुन्या डेटाबेसवरून आणलेलं टेबल लॅटिन१ चं (देवनागरी न कळणाऱ्या पद्धतीचं) असेल आणि स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात आणि ती परत नावं होत नाहीत. लांबी मोजताना डोळ्यांवर जाऊ नका. "ज्ञानेश्वर" डोळ्याला चार अक्षरं, पण डेटाबेसच्या लेखी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र अशी दहा. प्रत्येकाला ३ बाइट, एकूण ३०. व्हार्कार(२०) मध्ये "ज्ञानेश्वर विश्वनाथराव" मावणार नाही. पूर्ण नावाला व्हार्कार(१००), गावाला (६०).

मग सरसकट २५५ ला हरकत काय? डिस्कवर जेवढा मजकूर तेवढीच जागा जाते, त्या बाबतीत नुकसान नाही. पण लांबीची मर्यादा हा दारावरचा राखणदार आहे. २५५ ठेवलं की मोबाइलच्या रकान्यात कोणी पत्ता टाकला तरी आत जातो. शिवाय एका ओळीची घोषित कमाल ६५५३५ बाइट, आणि यूटीएफ८एमबी४ चा व्हार्कार(२५५) त्यात १०२२ धरला जातो. असा ६५ वा कॉलम जोडायला गेलात की टेबल नाही म्हणतं.

शेतमालाचा प्रकार (सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद, करडई) एनममध्ये (ठरलेल्या पर्यायांच्या यादीच्या टाइपमध्ये) घालू नका. नवा माल आला की टेबल बदलायला लागतं आणि क्रम अक्षरांप्रमाणे न लागता यादीतल्या जागेप्रमाणे लागतो. छोटं वेगळं टेबल करा, आयडी स्मॉलइंट. बाकी टेबलांच्या आयडीला इंट अनसाइन्ड पुरे, फक्त आवकेतला शेतकरी-आयडी आणि मूळ टेबलातला आयडी हुबेहूब एकाच टाइपचे हवेत. एक साइन्ड, दुसरा अनसाइन्ड असला तर फॉरेन की (दोन टेबलं जोडणारा दुवा) बनत नाही. इंट(११) मधल्या ११ ला काही अर्थ नाही, ती फक्त दाखवण्याची रुंदी होती, ८.०.१९ पासून ती टेबलाच्या व्याख्येत दिसतही नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात तर अनसाइन्ड नसतो, आणि तिथे टेक्स्ट आणि व्हार्कारमध्ये वेगाचा फरक नाही. बाकी विचार हाच.

आता असलेला डेटा. थेट आल्टर (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) मारू नका. आधी पूर्ण बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. मग प्रत्येक कॉलमशेजारी योग्य टाइपचा नवा कॉलम जोडा आणि मूल्यं त्यात उतरवा. रकमांत स्वल्पविराम असणारच. "१,०९,१५९.७५" इंग्रजी आकड्यांत जरी असलं तरी कास्ट (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) पहिल्या स्वल्पविरामाला थांबतो आणि लाखाची पट्टी १ रुपयाची होते, सिलेक्टमध्ये तर नुसती वॉर्निंग येते. आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा. मराठी कीबोर्डवरून टाइप झालेले देवनागरी आकडे कास्टला कळतच नाहीत, त्यांचा ० होतो. त्यांच्यासाठी दहा वेळा रिप्लेस, ० ते ९. तारखांना स्ट्र-टू-डेट (मजकुराची तारीख करणारं फंक्शन), साचा दिवस-महिना-वर्ष.

जुन्या कॉलममध्ये काहीतरी आहे आणि नव्यात नल किंवा शून्य आहे अशा ओळी वेगळ्या काढा. "पन्नास कट्टे", "उद्या देणार", "नंतर" असलं सगळं तिथे सापडेल. ते क्वेरीने सोडवायच्या भानगडीत पडू नका, यादी छापून मुनीमजींच्या हातात द्या. त्यानंतर दहा-वीस छापील पट्ट्या घेऊन नव्या कॉलममधली रक्कम पैशापर्यंत जुळतेय का ते बघा. जुने कॉलम नाव बदलून एक हंगाम तसेच राहू द्या, आणि ते ड्रॉप करण्याआधी पुन्हा एक बॅकअप घ्या.