नाशिकमध्ये एमएसडब्ल्यू करताना फील्डवर्कला नेमकं काय करतात?

तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. झालंय, नाशिकमध्येच एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायचा विचार आहे, पण फील्डवर्क म्हणजे काय ते कोणी नीट सांगत नाही, आणि मुलीने वस्त्यांमधून फिरणं घरच्यांना पटत नाही. मी दोन वर्षं इथेच हे शिक्षण घेतलंय, म्हणून लिहिते.

बी.कॉम.ची काळजी करू नका. आमच्या वर्गात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळे होते. आठवड्यातले काही दिवस तास आणि दोन दिवस फील्डवर्क, म्हणजे प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन काम. कोणाला दवाखाना मिळतो, कोणाला शाळा, कोणाला एखादी संस्था. रोजचा रिपोर्ट लिहायचा आणि आठवड्यातून एकदा सुपरव्हायझरसोबत आयसी (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स), म्हणजे दोघांनीच बसून त्या रिपोर्टवर बोलायचं. मला आणि माझ्या मैत्रिणीला पंचवटीतली एक वस्ती मिळाली.

आम्ही अकरा ते पाच या वेळात जायचो. पहिला महिनाभर आम्हाला फक्त म्हातारी माणसं आणि लहान मुलं भेटली. बायका धुण्याभांड्याला, बांधकामावर नाहीतर द्राक्षबागांमध्ये कामाला गेलेल्या असायच्या. शेवटी एका मावशींनीच सांगितलं, "तुमच्या टायमाला आम्ही घरी नसतो बाई." मग आम्ही वेळ बदलून घेतली. सकाळी पाणी यायच्या वेळेला आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर जायला लागलो. फील्डवर्क खरं तिथून सुरू झालं.

त्याआधी आम्ही सर्वे केला होता. फॉर्मवर प्रश्न होता, शौचालय आहे की नाही. सगळ्यांनी "आहे" सांगितलं, आम्ही खूण केली. सार्वजनिक शौचालयाच्या बायकांच्या बाजूला एकाही दाराला आतून कडी नाही आणि दिवा गेलेला आहे, हे त्या फॉर्ममध्ये मावणारच नव्हतं. रात्री बायका दोघी-दोघींनी जायच्या, एक आत आणि एक बाहेरून दार धरून उभी. हे आम्हाला तिसऱ्या महिन्यात कळलं, तेही ओट्यावर शेंगा निवडत बसलेलो असताना.

मी त्याच रात्री कड्या आणि दिव्यासाठी छान मराठीत अर्ज लिहिला आणि खाली माझी सही केली. आयसीत मॅडमनी तो वाचला आणि विचारलं, "मार्चमध्ये तुमचं फील्डवर्क संपेल. एप्रिलमध्ये या अर्जाचं काय झालं हे विचारायला कोण जाणार?" तो अर्ज मी दिला नाही.

पुढचे दोन महिने रिपोर्टमध्ये लिहायला काहीच नाही असं वाटायचं. नळाच्या रांगेवरून दोन गल्ल्यांचं बोलणं बंद होतं. आधी त्यांना एका ओट्यावर आणायचं होतं, आणि ते काम आमच्याने झालं नाही, त्या मावशींनीच केलं. शेवटी अकरा जणी रोजगाराचा खाडा करून स्वतःचा अर्ज घेऊन महापालिकेच्या कार्यालयात गेल्या. काहींच्या सह्या, काहींचे अंगठे. आम्ही दोघी मागे उभ्या होतो. तिसऱ्या खेपेनंतर कड्या बसल्या. दिवाही लागला, पण महिन्याभरात फुटला. तो पुन्हा लावायला त्यांनी घरटी दहा रुपये काढले, आणि हे आम्हाला नंतर कळलं. अभ्यासक्रमात याला समुदाय संघटन म्हणतात. तुमच्याशिवाय काम चालू राहिलं तर ते जमलं, असं मी मानते.

हे नाशिकमध्ये शिकण्याला माझ्या लेखी वेगळा अर्थ आहे. भारतात समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय मुंबईत नागपाड्याला १९३६ साली निघालं, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं. त्याआधीच, २ मार्च १९३० ला, इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो काही वर्षं चालला. नेतृत्व बाबासाहेबांचं, पण इतका काळ माणसं टिकवून धरण्याचं काम दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केलं. माझी वस्ती त्या मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. सामाजिक कृतीचा, म्हणजे लोकांनी एकत्र येऊन हक्कासाठी उभं राहण्याच्या विषयाचा, तास त्यामुळे मला कधी परका वाटला नाही.

ग्रामीण शिबिर चुकवू नका. आमचं पेठ तालुक्यात होतं. दिवाळीनंतर तिथली बरीच घरं कुलूपबंद असतात, कारण माणसं निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरलेली असतात. एका आजोबांनी आम्हाला प्लॅस्टिकच्या थैलीत जपून ठेवलेल्या दंडाच्या पावत्या दाखवल्या. जंगलजमीन कसली म्हणून पूर्वी झालेला दंड. २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसणूक दाखवावी लागते, तेव्हा त्याच पावत्या त्यांनी दाव्याला जोडल्या होत्या. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातही ते होते. जवळजवळ १८० किलोमीटर. दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा रात्रीत चालले, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी अजून ते विसरलेले नाही.

नोकरीचं थोडक्यात सांगते. दवाखान्यात वैद्यकीय समाजसेवक, कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक, बालसंरक्षणाची कामं, संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचे) प्रकल्प. कायद्याप्रमाणे मोठ्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमावा लागतो, त्यामुळे सातपूर-अंबडच्या बाजूलाही चौकशी करा. मात्र बरीच पदं कंत्राटी असतात आणि सुरुवातीचा पगार कमी असतो. घरी हे आधीच स्पष्ट बोला.

आता घरच्यांची काळजी. ती खोटी नाही. एकटीने जाऊ नका, जोडीने जा. रोज कुठे आणि किती वाजेपर्यंत असणार ते सुपरव्हायझरना कळवा, आणि एखाद्या गल्लीत नको वाटलं तर ते रिपोर्टमध्ये लिहा, आयसीत बोला. मला उशीर झाला की त्या मावशी रिक्षाथांब्यापर्यंत सोबत यायच्या. मी बसले की वाकून रिक्षावाल्याला त्याचं नाव-गाव विचारायच्या आणि रिक्षा वळेपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या.