वाचकांचे प्रश्न : बाहेरचा रंग टिकत का नाही?

प्रश्न : चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, बाहेरून सिमेंटचा गिलावा. गेल्या मे महिन्यात चांगल्या कंपनीच्या बाहेरच्या इमल्शनचे दोन हात मारून घेतले. दसऱ्यापर्यंत जोत्यापासून तीन फुटांपर्यंत फुगे आले, पोपडे सुटले, आत पांढरी पूड दिसते. वरचा रंग मात्र शाबूत आहे. रंगारी म्हणतो माल खराब, दुकानदार म्हणतो रंगारी खराब. (गुहागर)

उत्तर : बहुधा दोघांचाही दोष नाही. माल खराब असता तर वरचाही रंग गेला असता. फक्त खालचा पट्टा गेला, म्हणजे पाणी भिंतीच्या आतून आलं. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतली ओल वर ओढतो. त्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. गिलाव्याला खाडीची वाळू वापरली असेल तर मीठ आधीपासूनच आत बसलेलं असतं. पाणी बाहेर यायला बघतं, रंगाचा पापुद्रा त्याला अडवतो, क्षार पापुद्र्यामागेच सुकून स्फटिक होतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. ती पूड म्हणजे हेच. यावर कितीही महागाचा रंग लावा, पुढच्या दसऱ्याला पुन्हा हीच तक्रार.

आधी पाणी कुठून येतं ते पाहा. घर बांधल्यानंतर अंगणात फरशी किंवा कोबा घालून जमीन वर आणली आहे का? तसं असेल तर जोत्यातला ओलरोधक थर जमिनीखाली गेला आणि निकामी झाला. ती भर काढावी लागेल. दुसरं, पागोळ्यांचं पाणी. कौलांवरून पडणारं पाणी कोब्यावर आपटलं की दीड-दोन फूट उसळून भिंतीवर येतं. पन्हळ बसवा, नाहीतर पागोळीखाली दोन फूट रुंदीचा खडीचा पट्टा करा. खडीवर पाणी फारसं उसळत नाही.

भिंतीचं काम दिवाळीनंतर काढा. ओलीची खूण जिथे संपते त्याच्या एक फूट वरपर्यंत गिलावा उतरवून चिरा उघडा करा. सांधे अर्धा इंच खोल खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून टाकून द्या. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा आत जातात. ॲसिडने तर नवे क्षार तयार होतात. जानेवारी संपेपर्यंत भिंत तशीच उघडी सुकू द्या. दिसायला वाईट दिसेल, पण सगळ्या कामात ही मुदत सर्वांत महत्त्वाची आणि गवंडी सर्वांत आधी तीच कापतो. फेब्रुवारीत १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग धुतलेली नदीची वाळू या मापाचा गिलावा करा. चुन्यामुळे तो ओल बाहेर सोडतो. नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा ओल आणखी वर चढवतो. सात दिवस पाणी मारा, मग किमान २८ दिवस थांबा. ताज्या गिलाव्यातला अल्कली रंगाचा चिकटपणा खातो. त्यानंतर अल्कलीरोधक प्रायमर आणि एप्रिलमध्ये रंग.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि किमान १६ तास राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले तर थांबा.

प्रश्न : गणपतीला मुंबईची मंडळी येणार. जुलैत आठ दिवस उघडीप मिळाली तर बाहेरचा रंग काढून घ्यावा का? (श्रीवर्धन)

उत्तर : नको. आपल्याकडे ‘रंग काढणे’ म्हणजे रंग लावणे. पावसाळ्यात लावलात तर तो नंतर खरोखरच काढावा लागेल. इमल्शनमधलं पाणी उडून गेल्यावर त्यातले कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा होतो. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असला की हे रेंगाळतं. तेवढ्यात एक सर आली तर रंगातली साबणासारखी द्रव्यं बाहेर येऊन चिकट, तपकिरी ओघळ पडतात. शिवाय आठ दिवसांच्या उन्हाने जूनपासून भिजलेली भिंत सुकत नाही, फक्त वरवर कोरडी दिसते. गणपतीसाठी ओटी आणि माजघर आतून रंगवा, पावसाचा मारा नसलेल्या पडवीत चुन्याचा हात द्या, बाहेरचं काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा.

थंडीतही सकाळी भिंतीवर दव असतं, त्यामुळे साडेनऊ-दहाच्या आधी ब्रश उचलू नये आणि चारनंतर नवा हात घेऊ नये. तापलेल्या भिंतीवरही नको, वरचा थर लगेच सुकून आतली वाफ फुगे धरते. सूर्य फिरेल तशी सावलीची भिंत घ्या. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला पावसाचा मारा सर्वांत जास्त, तिला तिसरा हात द्या. चौथा हात देण्यापेक्षा ते पैसे छज्ज्याखाली पाणी तोडणारी खाच पाडायला घाला.

प्रश्न : ३० बाय २५ फुटांच्या, १० फूट उंचीच्या घराला माल किती लागेल? (दापोली)

उत्तर : चार भिंतींची लांबी ११० फूट, गुणिले १० म्हणजे ११०० चौरस फूट. दारं-खिडक्या साधारण १५० धरून वजा केल्या की ९५० उरतात. गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे ५० चौरस फूट धरा, म्हणजे १९ लिटर. २० लिटरची बादली पुरते. खरबरीत गिलाव्यावर लिटरमागे ४० धरा, २४ लिटर लागतील. प्रायमर एका हाताला १० लिटर. पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, तेही मोजून घाला. ‘जरा पातळ केलं की ब्रश पळतो’ हे खरं, पण मग पापुद्राही पातळ होतो.

प्रश्न : नारळी-पोफळीच्या सावलीतली उत्तरेची भिंत दरवर्षी काळी-हिरवी होते. (देवगड)

उत्तर : शेवाळावर रंग लावला तर तो शेवाळालाच चिकटतो, भिंतीला नाही. भिंत आधी ओली करा. बाजारात मिळणारं साधारण ४ टक्के सोडियम हायपोक्लोराइट १ भाग, पाणी ३ भाग असं मिसळून भिंतीवर खालून वर लावा, २० मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. डाग उरले तर पुन्हा. हातमोजे आणि चष्मा हवा. त्यात ॲसिड, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं द्रव मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. खालची झाडं झाकून घ्या. जोराच्या पाण्याचा पंप उघड्या चिऱ्यावर वापरू नका, चिरा झिजतो. ब्लीच शेवाळ मारतं, पण पुन्हा येणं थांबवत नाही. झावळ्या भिंतीपासून तीन-चार फूट दूर ठेवा, ऊन-वारा लागू द्या. शेवाळरोधक रंगातलं औषध पावसाने हळूहळू धुऊन जातं, हे गृहीत धरून ठेवा.

प्रश्न : उघड्या जांभ्याला चकाकी येण्यासाठी पारदर्शक वॉर्निश लावावं का? (मालवण)

उत्तर : लावू नका. पहिलं वर्ष दगड ओल्यासारखा छान दिसतो, मग आतली ओल अडून वॉर्निश पांढरं पडतं आणि सालं निघतात. ती जांभ्याच्या भोकांतून काढणं म्हणजे शिक्षा. चिऱ्यात मुरणारं, पापुद्रा न करणारं सिलेन-सिलॉक्सेन हे पाणीरोधक द्रव्य घ्या. आधी सुटलेले सांधे भरा, भिंत पूर्ण सुकू द्या, पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. चकाकी येणार नाही. दर वर्षी मे महिन्यात तांब्याभर पाणी मारून पाहा. पाणी मोत्यासारखं घरंगळलं तर ठीक, दगडाने पिऊन घेतलं तर पुन्हा लावा.

प्रश्न : समुद्राकडच्या खिडक्यांचे गज दोन वर्षांत गंजतात. (मुरूड)

उत्तर : रंगाआधी गोड्या पाण्याने धुता का? खाऱ्या वाऱ्याने बसलेलं मीठ तसंच ठेवून रंग लावला की तो खालून फुगतो. तारेच्या ब्रशने गंज काढा, धुवा, लगेच पुसून सुकवा आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर लावा. कडा, कोपरे आणि वेल्डिंगच्या जागी प्रायमर आधी एकदा वेगळा लावून घ्या, कारण धारदार कडेवर रंग पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.