बर्फाखालचं पाणी, भोक न पाडता

प्रश्न : गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली महासागर आहे म्हणतात. तिथं कोणी भोक पाडलेलं नाही, मग हे कळलं कसं?

उत्तर : चुंबकीय क्षेत्र मोजून. गुरूचा चुंबकीय अक्ष त्याच्या फिरण्याच्या अक्षाला सुमारे १० अंश कललेला आहे. त्यामुळे गुरू फिरतो तसं त्याचं क्षेत्र हेलकावे खातं आणि युरोपावर दर ११ तासांच्या आसपास त्याचा एक हेलकावा पुरा होतो. बदलत्या क्षेत्रात वीजवाहक आला की त्यात प्रवाह सुरू होतो. इंडक्शन शेगडीवरच्या पातेल्याच्या बुडात हेच घडतं. हा प्रवाह स्वतःचं उलट क्षेत्र तयार करतो. गुरूभोवती फिरणाऱ्या गॅलिलिओ यानाच्या मॅग्नेटोमीटरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाला, ते सापडलं.

शंका अशी की युरोपाच्या पोटात कायमचा चुंबक असेल तर? मग त्याची दिशा बदलायला नको. जानेवारी २००० मध्ये गुरूचं क्षेत्र उलट्या बाजूला झुकलेलं असताना यान जवळून नेलं, तर युरोपाचंही क्षेत्र उलटलेलं निघालं. मग लोखंडी गाभा? तो फार खोल आहे. अंतर दुप्पट झालं की असं क्षेत्र आठपट क्षीण होतं. म्हणजे वीजवाहक थर वरच, पृष्ठभागालगत हवा. बर्फ त्या कामाचा नाही. खारं पाणी आहे.

घरी पाहायचं तर दोन वाट्यांत दोन-दोन खिळे एकमेकांना न टेकता उभे करा. एकीत साधं पाणी घालून फ्रीझरमध्ये गोठवा, दुसरीत मिठाचं पाणी घाला. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजायला, ठेवून दोन्ही तपासा. बर्फ पुरता गोठलेला हवा, वर पाण्याचा ओलावा राहिला की तोच प्रवाह वाहतो आणि आकडा फसवा येतो. मिठाच्या पाण्यात आकडा सरकत राहील. मीटर बिघडलेला नाही, खिळ्यांच्या पृष्ठभागावर आयन (मिठाचे विद्युतभारित कण) साचतात म्हणून तसं होतं.

या पद्धतीची एक गोची आहे. उथळ पण खारट समुद्र आणि खोल पण कमी खारट समुद्र, दोघांचा ठसा जवळपास सारखाच उमटतो. ती सोडवायला दुसरा हेलकावा लागतो : युरोपाच्या प्रदक्षिणेचा, सुमारे ८५ तासांचा. सावकाश बदलणारं क्षेत्र जास्त खोल शिरतं. पण एवढा संथ हेलकावा एक-दोन फेऱ्यांत हाती लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोचल्यावर युरोपाजवळून ४९ फेऱ्या मारणार आहे, त्यामागचं हे एक मोठं कारण. त्याचा मॅग्नेटोमीटर साडेआठ मीटर लांब दांड्यावर बसवलाय, नाहीतर यानातल्या तारांचंच क्षेत्र मोजलं जायचं.

प्रश्न : शनीच्या एन्सेलाडसवर पाणी फक्त दक्षिण ध्रुवाखालीच आहे का?

उत्तर : नाही, सगळीकडे. दक्षिण ध्रुवाच्या भेगांतून उडणारे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये टिपले, तेव्हा तिथं एखादं तळं असावं असाही अंदाज होता. पुढे अनेक वर्षांच्या फोटोंत विवरांच्या जागा बारकाईने मोजल्या. हा चंद्र प्रदक्षिणेत किंचित डुलतो, सुमारे ०.१२ अंश. विषुववृत्तावर हे जेमतेम अर्धा किलोमीटर भरतं, तरी आतपर्यंत घट्ट गोठलेल्या गोळ्यासाठी ते फार जास्त आहे. नारळात गोटा सुटला की तो हलवल्यावर खुळखुळतो, चिकटलेला असला तर मुका राहतो. एन्सेलाडसचं कवच सुटलेलं आहे, मधे पाणी आहे. हा निष्कर्ष २०१५ चा.

प्रश्न : के२-१८बी या दूरच्या ग्रहावर समुद्र सापडला, हे खरं का?

उत्तर : समुद्र कोणी पाहिलेला नाही. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथल्या हवेत पाण्याची वाफ असल्याचं जाहीर झालं. पण १.४ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास पाणी आणि मिथेन दोन्ही प्रकाश शोषतात, आणि हबलच्या अरुंद पट्ट्यात त्यांची गल्लत होते. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने रुंद पट्टा पाहिला, तेव्हा मिथेन ठळक दिसला, पाणी नाही. आणि वाफ मिळाली असती तरी खाली समुद्र आहे हे त्यातून ठरत नाही. शुक्राच्या हवेतही थोडी वाफ आहेच.