सिस्टिमॅटिक रिव्ह्यूमध्ये (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं) अ‍ॅब्स्ट्रॅक्टची (पेपरच्या सारांशांची) चाळणी चॅटजीपीटीवर सोपवू का? (पीएचडी, बडोदा)
सरसकट सोपवू नका. आधी शे-दोनशे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तुम्ही आणि विभागातल्या एका सहकाऱ्याने वेगवेगळे तपासा, मग तेच मॉडेलला द्या. त्याने कामाचे किती पेपर वगळले ते मोजा. नको तो पेपर आत आला तर पूर्ण वाचताना गळतो. सुटलेला मात्र कायमचा जातो.

पेपरचा शोध पबमेड, स्कोपस या संशोधनाच्या डेटाबेसवरच घ्या. मॉडेलकडून संदर्भ मागाल तर लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपरच अस्तित्वात नाही, असं होतं.

मॉडेलकडून पेपरमधले आकडे काढून घेतलेत तर प्रत्येक आकडा मूळ तक्त्याशी ताडा. स्टँडर्ड एररला (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे किती विखुरलेत ते) धरलं, की अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये त्या अभ्यासाला भलतंच वजन मिळतं.

प्रॉम्प्ट, आवृत्ती, तारीख जपून ठेवा; निवडीसाठी वापरलेली स्वयंचलित साधनं प्रिस्मा २०२० (असे रिव्ह्यू कसे मांडावेत याची मार्गदर्शक तत्त्वं) नुसार नोंदवावी लागतात.